निवृत्तीचा उजवा हात

"त्याला खायाला काय घालता?"

तान्हुबाईंनी विचारलेला पहिला प्रश्न हा. चपला दाराबाहेर काढून, डोक्यावरचा पदर सारखा करून त्या आमच्या प्रयोगशाळेत देवळात शिरावं तशा शिरल्या होत्या. त्यांच्या मुलाच्या पेशी ज्या उबदार कपाटात वाढत होत्या, त्याच्या दाराकडे त्या टक लावून बघत होत्या.

"साखर, मीठ, आणखी बरंच काही," मी म्हटलं. "गुलाबी पाण्यात कालवून."

बरंच काही म्हणजे काय, ते मी सांगितलं नाही. त्यात वासराच्या रक्तातून काढलेला भाग असतो आणि ही माणसं शर्यतीच्या गाड्याचे बैल पोसणारी. प्रत्येक खरं बोललंच पाहिजे असं थोडंच आहे!

"उपाशी नाय ना ठेवत?"

"नाही हो. एक दिवसाआड ताजं देतो."

त्यांचं समाधान झालेलं दिसलं. मग त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या.

ही गोष्ट पुण्यातली, मी डॉक्टरेट करत होते तेव्हाची. माणसाच्या पेशींपासून प्रयोगशाळेत कंडरा वाढवायची, हा आमचा उद्योग. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. गावाकडे तिला नुसतं शीर म्हणतात. ती तुटली की माणसाची बोटं असून नसल्यासारखी होतात. अशी दोरी बाहेर तयार करून माणसाच्या हातात बसवता आली तर, या एका 'तर'पायी आम्ही दोन वर्षं घासत होतो. पेशी येत, जरा वाढत आणि आळसावून मरून जात. निवृत्ती हांडेच्या पेशी आल्या आणि आमचं नशीब उघडलं.

निवृत्ती जुन्नरकडचा. कडबाकुट्टीच्या यंत्रात त्याचा उजवा हात गेला. पुण्यात आणला, तेव्हा हात काढून टाकण्याखेरीज इलाज नव्हता. "फेकून देण्यापरीस न्या," असं तो स्वतः डॉक्टरांना म्हणाला होता. त्याप्रमाणे कंडरेचा एक तुकडा आमच्याकडे आला. पुढे जखम चिघळली, विष अंगभर पसरलं आणि आठवड्याच्या आत निवृत्ती गेला. पंचविशीतला गडी. त्याच्या पेशी मात्र आमच्याकडे वाढत राहिल्या, आणि चार महिन्यांनी त्यांनी आमची पहिली खरीखुरी कंडरा विणली.

त्या दिवशी आमच्या हर्षेसरांना आनंद आवरेना. माणूस विद्वान, मनाने सोन्यासारखा, पण आनंद झाला की उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. ज्याने दिलं त्याच्या घरी कळवलंच पाहिजे, हा त्यांचा शिरस्ता. त्यांनी निवृत्तीच्या चुलत्याच्या दुकानात फोन लावला आणि मोठ्या आवाजात सांगितलं, "तुमच्या निवृत्तीचा हात आमच्याकडे जिवंत आहे बरं का! काल त्यानं ओढ धरली!"

मी समोरच बसले होते. चौथ्या दिवशी सकाळी हांडे मंडळी जीप करून दारात हजर.

तिघं आले होते. आई तान्हुबाई. चुलते सीताराम हांडे, पांढरी टोपी, भरदार आवाज, घरचे कर्ते. आणि निवृत्तीची बायको शालन. विशीची असेल नसेल. कपाळ मोकळं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि बस म्हटलं तरी बसली नाही.

सीतारामांनी चहा नाकारला. "कामाचं बोलतो, साहेब," ते म्हणाले. "आमच्या पोराचं जे काय तुमच्याकडं हाये, ते आमाला परत पायजे."

हर्षेसर गोंधळले. "परत म्हणजे?"

"दहाव्याला कावळा शिवला नाय. कुकडीच्या काठाला पिंड ठिवला, कावळे झाडावर बसल्यालं, पर एक खाली उतरंना. समद्यांनी बोलून बघितलं. बैल इकणार नाय म्हणालो, आईला सांभाळतो म्हणालो. उन्हं चढली. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तवापासून घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाय. आन् मंग तुमचा फोन आला." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "तवा समजलं, आमचा माणूस हितं अडाकलाय. त्याला द्या. आमी नदीला नेतो, विधी करतो, त्यो सुटंल."

त्यांचा माणूस अडकला होता, पण माझी दोन वर्षंही त्याच कपाटात अडकली होती. त्यांनी त्या पेशी नेल्या तर मी पुन्हा पाटी कोरी करून बसणार. आणि नाही द्यायच्या, तर कुठल्या तोंडाने?

सर म्हणाले, "हांडेसाहेब, एकदा बघा तर खरं. मग ठरवा."

मी कपाटातून तबकडी काढली, भिंगाखाली ठेवली आणि चित्र मोठ्या पडद्यावर लावलं. दोन बारीक, लवचीक खांब आणि त्यांच्यामध्ये ताणलेला पांढरा धागा. एवढंच. पण मला त्याची अजून सवय झाली नव्हती. प्रत्येक वेळी बघताना अंगावर काटा यायचा.

"हे खांब आम्ही रोवले तेव्हा सरळ होते," सर सांगू लागले. "त्यांच्याभोवती जेली ओतली, तिच्यात निवृत्तीच्या पेशी. त्यांनी ती जेली आत ओढून ओढून तिची ही दोरी केली. बघा, खांब कसे एकमेकांकडे वाकलेत."

"आपसूक?" सीतारामांनी विचारलं.

"आपसूक. आम्ही नुसती सोय करून देतो."

"आताबी ओढतोय?"

"आता, या क्षणी. दिवसरात्र. आणि काय जोर आहे म्हणून सांगू! इतक्या माणसांच्या पेशी आम्ही वाढवल्या, पण इतका जोर कुणाच्यातच नव्हता."

"जोर हुताच," तान्हुबाई स्टुलावरून म्हणाल्या.

सीताराम पडद्याजवळ गेले. टोपी काढून हातात घेतली. माणूस बैलांच्या शर्यतीत आयुष्य घालवलेला, ताण म्हणजे काय ते त्याला शिकवायला नको होतं. वाकलेल्या त्या दोन खांबांकडे बघता बघता त्यांचा चेहरा बदलत गेला.

तेवढ्यात दारातून आवाज आला. शालन पहिल्यांदाच बोलली.

"उजवाच हात ना ह्यो?"

"हो, उजवाच," मी म्हटलं.

"झोपत नाय का कधी?"

"नाही. त्यांना झोप नसते."

ती आणखी काही विचारील म्हणून मी थांबले, पण तिने पदराचं टोक तोंडाशी नेलं आणि नजर जमिनीवर खिळवली. मला वाटलं, काय हे प्रेम! नवऱ्याच्या हाताला झोप मिळत नाही याचं दुःख करतेय बिचारी. माझे डोळे भरून आले. मी नेहमीच नको तिथे हळवी होते.

सीतारामांनी पडद्याला हात जोडले. "साहेब, मी चुकलो," ते म्हणाले. "ह्यो मेल्याला माणूस नाय. ह्यो जिता हाये. कावळा शिवंल कसा? जित्या माणसाच्या पिंडाला कावळा शिवत नसतो!" मग ते शालनकडे वळले. "बघ, डोळं उघडून बघ. तुझा भाऊ दोनदा न्यायला आला, आन् तू बोचकं बांधून बसली हुतीस. नवरा जिता हाये तुझा. आता कुठं जाशील?"

शालन चौकटीला आणखी टेकली, इतकंच.

"म्हणजे... आम्ही काम चालू ठेवायचं?" हर्षेसरांनी चाचरत विचारलं.

"ठिवायचं म्हंजी? जपायचं! वर्साच्या वर्साला आमी दर्शनाला येत जाऊ."

सरांनी सुटकेचा श्वास टाकला. खरं सांगायचं तर मीही टाकला. माझं काम वाचलं होतं. बाकीचा त्यांचा घरचा मामला. देव समजून का होईना, ते पेशी ठेवतायत ना, मग आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं माझ्या मनात आलं.

"बाई," तान्हुबाई उठून माझ्याजवळ आल्या. "जरा प्यायला पानी दावा."

मी त्यांना बाहेरच्या बोळातल्या माठाशी नेलं. पेला भरून दिला. त्यांनी तो प्यायला नाही. हातात धरून उभ्या राहिल्या.

"त्ये मारून टाका," त्या म्हणाल्या.

मला नीट कळलं नाही असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी पुन्हा सांगितलं, हळू आणि स्पष्ट. "आत जे ओढतंय, त्ये मारून टाका. मी त्याची आई हाये. मी सांगते."

"पण मघाशी तर तुम्ही विचारत होता, त्याला खायला काय घालता म्हणून..."

"आई हाये ना. इचारायचं ऱ्हातंय व्हय?" त्यांनी मागे दाराकडे बघितलं. "शालनच्या गळ्याखालचं हाड वर आलंय, बघितलं का तुमी? नाय दिसायचं, पदर असतो. त्याच हातानं मोडलंय. कान फुटलाय तिचा एक. मारून झालं की तिच्याच मांडीवर डोकं ठिवून रडायचा, आन् दुसऱ्या दिशी पुन्यांदा तेच."

"तुम्ही अडवलं नाही?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"अडवलं की. मग मलाबी."

हे त्यांनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मला माझ्याच प्रश्नाची लाज वाटली.

"हात तुटला त्या दिशी आख्खं गाव रडलं," त्या म्हणाल्या. "शालन रडली नाय. आन् तुमास्नी म्हणून सांगते, मीबी लगीच रडले नाय. मला वाटलं, गेला हात, आता बरं हुईल. बिनहाताचा का हुईना, पोरगा घरी यील, मी भाकर चारीन त्याला. लहान हुता तसा." पेल्यातलं पाणी हिंदकळून त्यांच्या पायावर सांडलं. "तर पोरगा गेला, आन् तुमी म्हणता हात ऱ्हायला."

मी भिंतीला टेकले. बोळात कुणी नव्हतं.

"नदीवर मला समदी सांगत हुती, म्हण, शालनला घराबाहेर जाऊ देणार नाय असं म्हण, मंग कावळा शिवंल. मला ठावं हुतं, त्याला तेच पायजेल. मरतानाबी तिच्याचकडं बघत हुता. मी त्वांड उघडलं नाय. वर कावळा, खाली पिंड, मधी मी. म्हणलं, लेका, लटकत ऱ्हायचं तर ऱ्हा, पर ह्ये वचन मी देणार नाय." आता त्या रडू लागल्या. आवाज न करता, तोंड पदरात घालून. "आईनं असं करावं का वो? तुमी शिकल्याल्या हायात. करावं का?"

मी त्यांच्या हातातला पेला काढून घेतला आणि तसाच धरून उभी राहिले.

आत आलो तेव्हा सीताराम सरांना बैलांविषयी सांगत होते. सर खुर्चीत मागे रेलून हसत होते. मी मधेच म्हटलं, "सर, या पेशी बंद कराव्यात असं निवृत्तीच्या आईंचं म्हणणं आहे."

क्षणभर कुणाला अर्थ लागेना. मग सीताराम उभे राहिले. "वहिनी?"

तान्हुबाई खाली बघत होत्या, पण हलल्या नाहीत.

"बायामाणसाचं काय ऐकता, साहेब! घरचा कर्ता मी हाये. दुखानं तिचं डोकं फिरलंय."

"अरू, जरा थांब," सर मला म्हणाले. "आईसाहेब, उद्या याच दोरीवरून कुणा गरिबाचा हात दुरुस्त होईल. तुमच्या मुलाचं नाव..."

"दुसऱ्या कुणाच्या हाताची बसवा," तान्हुबाई म्हणाल्या. "ह्या हाताची नको. कुणाला नको."

सरांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, पण ते उठले आणि दाराशी गेले. शालनपासून हातभर अंतर ठेवून थांबले. "बाळ, तो तुझा नवरा होता," ते म्हणाले. "चुलत्यांचं ऐकलं, आईंचं ऐकलं. तुझं काय म्हणणं आहे?"

"तिला काय इचारता?" सीताराम गरजले.

"मी तिलाच विचारतोय."

शालनने मान वर केली. पडद्यावर दोन खांब अजून एकमेकांकडे वाकलेले होते. तिने ते बघितलं, सासूकडे बघितलं. सीतारामांकडे बघितलं नाही.

"बंद करा," ती म्हणाली.

सीतारामांनी मग टोपी डोक्यावर चढवली. "चितेवर जे जळालं नाय, त्ये तुमी दोघींनी हितं जाळलं," असं म्हणून ते बाहेर पडले. थोड्या वेळाने खालून जीप सुरू झाल्याचा आवाज आला आणि ती निघून गेली. दोघींना तिथेच टाकून.

सर खुर्चीत बसले. एकदम म्हातारे दिसायला लागले होते. "कर, अरू," ते म्हणाले. "गोठवून ठेवल्यात त्याही काढ. काही ठेवू नकोस."

मी गोठवलेल्या कुप्या आधी बाहेर काढल्या, त्यांत पेशी मारायचं औषध ओतलं. मग तबकडी. दोघींना मी म्हटलं, बाहेर बसा. पण तान्हुबाई म्हणाल्या, बघायचंय. शालन पहिल्यांदाच खोलीच्या आत आली आणि माझ्या खांद्याशी उभी राहिली. मी गुलाबी पाणी काढून टाकलं, औषध घातलं. डोळ्यांना दिसण्यासारखं काहीच घडत नाही. नुसतं थांबायचं असतं.

"जा आता, बाळा," तान्हुबाई तबकडीला म्हणाल्या. "लई ओढलंस."

आम्ही थांबलो. बराच वेळ गेल्यावर मी भिंगातून तपासलं आणि म्हटलं, "झालं. मेल्या सगळ्या."

शालन पडद्याकडेच बघत होती. "मंग ढिलं का पडत नाय?"

खांब अजून वाकलेले होते. धागा तसाच ताणलेला.

"पेशी मेल्या," मी समजावलं. "पण जिवंत असताना त्यांनी आपल्याभोवती तंतू विणलेले असतात. ते त्यांच्याबरोबर मरत नाहीत. जितके ताणलेले असतात तितके राहतात."

"म्हंजी आता कोण वढत नाय, तरी वढलेलंच ऱ्हानार."

"हो."

"असंच असतंय," शालन म्हणाली, मला नाही, स्वतःलाच.

तान्हुबाईंनी माझ्यापुढे हात पसरला. "कात्री हाये का?"

मी लहान टोकदार कात्री दिली, हात धुवायला लावले, हातमोजे चढवले. मी त्यांचं मनगट धरून कात्री धाग्यापाशी नेली. "नाळ सुईणीनं कापली हुती," त्या म्हणाल्या. "ही मी कापते." कात्री मिटली. कसला म्हणून आवाज झाला नाही. पडद्यावर दोन्ही खांब एका झटक्यात सरळ उभे राहिले.

त्यानंतर मी नव्या पेशींवर काम केलं, उशिरा का होईना डॉक्टर झाले. आता माझी स्वतःची प्रयोगशाळा आहे. पुष्कळ कंडरा वाढवल्या. तसा जोर पुन्हा कुणाच्याही पेशींत दिसला नाही, आणि दिसू नये असंच मला वाटतं. नवी तबकडी भिंगाखाली ठेवताना अजूनही माझा हात अडखळतो. कुणाचा हात असेल हा, आणि त्याने काय काय केलं असेल, हे आम्ही कुणालाच विचारत नाही.

त्या दिवशी मी दोघींना फाटकापर्यंत सोडायला गेले. दुपारचं रणरणतं ऊन होतं. जीप गेलेली, तेव्हा त्यांना शिवाजीनगरच्या एसटी स्टँडवर पोचवणं भाग होतं. शालन भावाकडेच जाणार, असं तान्हुबाईंनी वाटेत सांगितलं. गाडीत मीच बसवून देते म्हणाल्या. "आणि तुम्ही?" मी विचारलं. "मी घरी. मला कोण खातंय!" त्या म्हणाल्या आणि चक्क हसल्या. शालनही जराशी हसली. सकाळपासून पहिल्यांदाच तिचे दात दिसले. किती लहान होती ती! माझ्या मनावरचं ओझं उतरलं. सुटली पोर, असं मी मनात म्हटलं.

समोरून एक रिकामी रिक्षा येत होती. ती निघून जाईल म्हणून मी झटकन उजवा हात वर केला.

शालन खाली बसली. भर रस्त्याच्या कडेला, उकिडवी, दोन्ही हात डोक्यावर घट्ट दाबून, कोपरं चेहऱ्यापुढे घेऊन. तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. माझा हात वरच राहिला. तो खाली आणायची मला भीती वाटली.

तान्हुबाई तिच्यापाशी वाकल्या.

"अगं, रिक्षाला हात केला त्यांनी," त्या म्हणत राहिल्या. "रिक्षाला, शालन. रिक्षाला."